संगणकाच्या वहीतील हरवलेल्या रेघा

व्यापाराची सारी भिस्त वहीवर असते, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. परंतु वहीतील एक साधी रेघ दिसेनाशी झाली, तर केवढा घोटाळा होतो, याचा अनुभव गेल्या गव्हाच्या हंगामात आम्हांस आला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेलो. यंत्रविद्येचे जाणकार नव्हे. तथापि ठेच लागल्यावर जे शिकलो, ते इतरांच्या उपयोगी पडावे, एवढ्याचसाठी हा लेख.

बदनावरच्या मंडीत त्या दिवशी आम्ही सुमारे ४० शेतकऱ्यांचा माल घेतला होता. आमच्या नातवाने सर्व नावे, वजने व रकमा संगणकावर एक्सेलच्या तक्त्यात भरल्या आणि कागद छापून मुनीमजींच्या हाती दिला. पडद्यावर फिकट रेघा दिसत होत्या. कागदावर मात्र एकही नव्हती. पांढऱ्या पानावर नुसत्या आकड्यांच्या रांगा! घाईगर्दीत मुनीमजींची नजर एक ओळ घसरली व दोन शेतकऱ्यांच्या रकमांची अदलाबदल झाली. ज्याचा गहू २२ क्विंटल, त्यास १८ क्विंटलांचे पैसे मिळाले. भाव २,४०० रुपये. म्हणजे ९,६०० रुपयांची तूट. सायंकाळी तो गृहस्थ तौलपर्ची घेऊन परत आला आणि शांतपणे म्हणाला, "सेठजी, माझे चार क्विंटल कोठे गेले?" आम्ही तत्काळ रक्कम पुरी केली; दुसऱ्यानेही जास्तीचे पैसे आणून दिले. हिशेब मिटला, पण तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही.

आमच्या आजोबांच्या लाल वहीत छापील रेघा नसत. पानास उभ्या घड्या घालून सळ पाडीत आणि त्या सळांच्या आधारे डावीकडे जमा, उजवीकडे नावे लिहीत. सळ हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. तो शाईची रेघ नव्हे. संगणकातील 'ग्रिडलाइन्स' तशाच आहेत. पडद्यावर त्या वाट दाखवितात, परंतु आपण सांगितल्यावाचून कागदावर उमटत नाहीत. शाईने ओढलेल्या रेघेस तेथे 'बॉर्डर' असे निराळे नाव आहे. हा भेद एकदा उमगला, की निम्मे कोडे सुटते.

आता रेघा हरवल्यास पुढील क्रमाने शोध घ्यावा.

पहिली गोष्ट, पडद्यावरील साऱ्याच रेघा गेल्या असतील, तर वरच्या पट्टीतील 'व्ह्यू' उघडून 'ग्रिडलाइन्स' या शब्दापुढील चौकोनात खूण आहे की नाही, ते पाहावे. ही खूण प्रत्येक पानापुरती वेगळी असते. म्हणून एका पानावर रेघा दिसतात व दुसऱ्यावर दिसत नाहीत, असेही घडते.

दुसरी गोष्ट, रेघा पानाच्या एखाद्याच भागात गेल्या असतील, तर त्या घरांत पांढरा रंग भरला गेला आहे, असे समजावे. दुसरीकडून मजकूर उचलून आणला असता पुष्कळदा हा रंगही सोबत येतो. तेवढा भाग निवडून 'होम'मधील 'फिल कलर' येथे 'नो फिल' करावे. पांढरा रंग आणि रंगच नसणे, या दोन गोष्टी यंत्राच्या लेखी भिन्न आहेत.

तिसरी गोष्ट, खूण आहे, रंगही भरलेला नाही, तरी रेघा दिसत नसतील, तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड' या मार्गाने जाऊन खुद्द रेघांचाच रंग पांढरा झाला आहे काय, ते तपासावे व तो 'ऑटोमॅटिक' करावा.

चौथी गोष्ट आमच्या चुकीची. रेघा कागदावर हव्या असल्यास 'पेज लेआउट'मध्ये 'ग्रिडलाइन्स'खाली असलेल्या 'प्रिंट' या चौकोनात खूण करावी. तरीही न उमटल्यास 'पेज सेटअप'मधील 'ड्राफ्ट क्वालिटी'ची खूण काढावी.

गूगल शीट्स वापरणाऱ्यांस 'व्ह्यू', मग 'शो', येथे 'ग्रिडलाइन्स' सापडतील.

संगणकावरील अशा तक्त्यांचा प्रसार १९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांच्या 'व्हिजिकॅल्क'पासून झाला; एक्सेल १९८५ साली आले. यंत्र बेरीज चुकत नाही. पण कागद वाचणारा माणूसच असतो, आणि त्याची नजर घसरू शकते.

म्हणून आमच्या दुकानात आता एक नियम आहे. जो कागद पाहून पैसे द्यावयाचे, त्या तक्त्यास 'ऑल बॉर्डर्स' देऊन पक्क्या रेघा ओढल्यावाचून तो छापावयाचा नाही. आणि रक्कम देण्यापूर्वी नाव, वजन व आकडा शेतकऱ्यासमक्ष मोठ्याने वाचावयाचा. यास अर्धे मिनिट लागते. ज्याने वर्षभर राबून पिकविलेला माल विश्वासाने आपल्या दारी आणला, त्याच्यासाठी एवढा वेळ देणे हे आपले कर्तव्यच होय.