संगणकाच्या पोटातील संगणक

संगणक म्हटले की आपल्या कला शाखेतील बहुतेकांच्या डोळ्यांसमोर विंडोजचाच पडदा उभा राहतो. त्यात नवल काही नाही. महाराष्ट्रात एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि खेड्यापाड्यांतील मुलामुलींनी पहिल्यांदा माऊस हाती धरला तो विंडोजवरच. त्यामुळे संगणक आणि विंडोज या दोन गोष्टी आपल्या मनात एकच होऊन बसल्या. वस्तुतः विंडोज ही ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ आहे, म्हणजे यंत्र आणि आपण यांच्यामधला कारभारी. की-बोर्डवरची अक्षरे पडद्यावर आणणे, फाइल डिस्कवर ठेवणे, प्रिंटरला हाक मारणे ही सगळी कामे तो पाहतो. आणि कारभारी बदलता येतो, यंत्र तेच ठेवून.

हा बदल आजच सुचण्याला कारण आहे. विंडोज १० या आवृत्तीला मिळणारा आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवली. पण ती मुदतवाढच झाली. पुढची आवृत्ती, विंडोज ११, जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही, कारण तिला टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चालता-बोलता संगणक केवळ कारभारी थकला म्हणून भंगारात जायचा! ज्यांच्या घरात संगणक दर चार वर्षांनी बदलतो त्यांना याचे काही वाटणार नाही. आमच्या घरात मात्र पहिला संगणक आला तो दादाने गोव्यातील एका कार्यालयाने काढून टाकलेला विकत घेतला म्हणून.

मग दुसरा कारभारी कोणता? रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत ग्नू हा प्रकल्प जाहीर केला. कोणालाही वापरता येईल, उघडून पाहता येईल, बदलता येईल आणि दुसऱ्याला देता येईल अशी प्रणाली उभी करायची हा त्यांचा संकल्प. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने (आपल्यापेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठा!) लिनक्स हा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. या दोन्हींच्या मेळातून डेबियन, उबंटू, फेडोरा अशा अनेक प्रणाली निघाल्या. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनच्याच पायावर ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली काढली. इंग्रजीत या चळवळीची एक अडचण आहे. तेथे ‘फ्री’ या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त हे दोन्ही अर्थ येतात, त्यामुळे स्टॉलमनना जन्मभर खुलासा करावा लागला. मराठीला तो प्रश्नच नाही. फुकटचे ते फुकट, आणि मुक्त ते मुक्त.

इतके सगळे असूनही माणसे बदल का करीत नाहीत? माझ्या मते कारण एकच : भीती. घरात संगणक एक. त्याच्यावर आईच्या बचत गटाचा तीन वर्षांचा हिशेब. मी लिनक्सचे नाव काढले तेव्हा आई एवढेच म्हणाली, “हिशोब गेलो तर गटातल्या बायकांका मी काय सांगू?” या प्रश्नाला ‘काही होणार नाही’ हे उत्तर होऊ शकत नाही. ते मशीनवर दाखवून द्यावे लागते, आणि दाखवण्याची सुरक्षित जागा म्हणजे व्हर्च्युअल मशीन, अर्थात आभासी संगणक.

ही काय चीज आहे? आपल्या कुडाळ परिसरातील वाचकांना दशावतार नवा नाही. देवळाच्या मांडवात एक बाकडा आणि मागे एक पडदा. तोच बाकडा कधी इंद्राचे सिंहासन होतो, कधी कैलास पर्वत. नाटक संपले की तो पुन्हा बाकडा. व्हर्च्युअल मशीनचे असेच आहे. व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्राम आपल्या चालू संगणकातील थोडी स्मृती, प्रोसेसरचा थोडा वेळ आणि डिस्कवरची एक मोठी फाइल बाजूला काढतो आणि त्यांचा मिळून एक संगणक भासवतो. त्या फाइललाच आतली प्रणाली आपली डिस्क समजते. बाहेरच्या प्रणालीला यजमान आणि आतल्या प्रणालीला पाहुणा म्हणतात. दशावतारातील राजाला निदान आपण सकाळी शेतावर जाणार आहोत हे ठाऊक असते. पाहुण्या प्रणालीला बहुधा तेवढेही ठाऊक नसते.

ही कल्पना अलीकडची असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात आय.बी.एम. कंपनीच्या केंब्रिज येथील मंडळींनी १९६० च्या दशकातच एका अवाढव्य संगणकाचे असे अनेक आभासी भाग पाडले होते, आणि १९७२ मध्ये कंपनीने व्ही.एम./३७० ही प्रणाली बाजारात आणली. संगणक महाग आणि माणसे अनेक, म्हणून ही युक्ती. घरगुती संगणकावर ती १९९९ मध्ये व्ही.एम.वेअरने आणली. व्हर्च्युअलबॉक्स हा जर्मनीतील इनोटेक कंपनीचा. त्याची मुक्त आवृत्ती २००७ मध्ये आली. पुढे तो सन कंपनीकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेला. मूळ प्रोग्राम आजही मुक्त आहे. त्याच्या जोडीला मिळणाऱ्या ‘एक्स्टेन्शन पॅक’चा परवाना मात्र निराळा. महाविद्यालयाच्या संगणकांवर तो डोळे झाकून बसवू नये.

आता प्रत्यक्ष कृती. आमचे मशीन आठ जी.बी. स्मृतीचे आहे, म्हणून त्याच मापाने सांगते.

पहिली अडचण बहुतेकांना दारातच येते. प्रोसेसरमध्ये आभासी यंत्रासाठी खास सोय असते; इंटेलमध्ये तिचे नाव व्ही.टी.-एक्स, ए.एम.डी.मध्ये ए.एम.डी.-व्ही. ती अनेकदा बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना एफ-२, एफ-१० किंवा डिलीट यांपैकी जी कळ त्या कंपनीची असेल ती दाबून बायोसमध्ये जावे आणि ‘व्हर्च्युअलायझेशन’ हा शब्द शोधून ती चालू करावी. एवढे न केल्यामुळे ‘आमच्या मशीनवर चालत नाही’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ.

दुसरी गोष्ट प्रणालीची प्रत, म्हणजे आय.एस.ओ. फाइल. उबंटूची फाइल सहा जी.बी.च्या आसपास भरते. मोबाइलच्या रोजच्या डेटावर जगणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. डेबियनची ‘नेटइन्स्ट’ फाइल सुमारे पाऊण जी.बी.ची आहे, उरलेले सामान ती स्थापनेच्या वेळी लागेल तसे ओढून घेते. फाइल उतरली की तिचा एस.एच.ए. २५६ किंवा ५१२ हा आकडा डेबियनने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. विंडोजमधील ‘सर्टयुटिल’ हा आदेश तो काढून देतो. फाइल वाटेत बिघडली असेल तर येथेच कळते.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवे मशीन तयार करताना स्मृती दोन ते तीन जी.बी. द्यावी. लोभाने सहा दिली तर यजमानच उपाशी राहतो आणि दोघेही रांगू लागतात. प्रोसेसरचे दोन गाभे आणि वीस-पंचवीस जी.बी.ची वाढती डिस्क पुरते. ‘वाढती’ म्हणजे फाइल आज लहान असते आणि सामान भरेल तशी फुगते. आणखी एक : आय.एस.ओ. निवडताच प्रोग्राम सगळी स्थापना आपोआप उरकण्याची तयारी दाखवतो. तो पर्याय नाकारावा. शिकायचे तर प्रश्न आपल्याला विचारले गेले पाहिजेत.

आणि ते प्रश्न मराठीत विचारले जातात, हे मला या सगळ्या उद्योगातील सर्वांत मोठे नवल वाटले. डेबियनच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. मात्र चित्रमय स्थापना निवडावी लागते, कारण साध्या अक्षरांच्या पडद्यावर देवनागीची जोडाक्षरे नीट उमटत नाहीत. मराठी निवडली, देश भारत निवडला, की पुढचे बहुतेक प्रश्न आपल्या भाषेत. इनस्क्रिप्ट कळफलकही मिळतो. तो भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्येच ठरवून दिला होता. भाषांतर सगळीकडे सारखे नाही हेही खरे. स्थापना झाल्यावर बऱ्याच पाट्या इंग्रजीतच राहतात, आणि काही मराठी शब्द असे जड की त्यांच्यापेक्षा इंग्रजी बरे वाटावे. ही भाषांतरे बव्हंशी स्वयंसेवकांच्या श्रमांतून होतात. संगणकशास्त्राचे विद्यार्थी ती करतात म्हणून भाषा तशी होते का, हा प्रश्न मी आमच्या मराठी विभागातील सरांसमोर अदबीने ठेवते. ते काम आपलेही आहे.

परवलीच्या शब्दाचा प्रश्न येतो तेव्हा मूळ व्यवस्थापकाची, म्हणजे ‘रूट’ची जागा रिकामी सोडली तर आपल्या नावाच्या खात्यालाच व्यवस्थापनाचे अधिकार मिळतात. घरगुती वापराला हेच सोपे. नंतर येतो तो छातीत धस्स करणारा पडदा : संपूर्ण डिस्क वापरायची का, त्यावरचे सगळे पुसले जाईल. येथे थांबून विचार करावा. कोणती डिस्क? मशीन तयार करताना आपणच केलेली ती पंचवीस जी.बी.ची फाइल. तिच्यात अजून काहीच नाही. बचत गटाचा हिशेब बाहेर, यजमानाच्या डिस्कवर आहे आणि पाहुण्याला तो दिसतसुद्धा नाही. पडद्यावर डिस्कचे माप पंचवीस जी.बी.च्या आसपास दाखवलेले असते, ते वाचून खात्री करावी. डेबियनने शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीपासून ‘नाही’वर ठेवलेले असते, आपण जाणूनबुजून ‘होय’ केल्याखेरीज काही लिहिले जात नाही. आईला मी हाच पडदा दाखवला, आणि ‘होय’ तिच्याच बोटाने दाबवले.

डेस्कटॉप निवडताना एक्सएफसीई किंवा एलएक्सडीई हे हलके प्रकार घ्यावेत. शेवटी ग्रब हा प्रारंभक कोठे बसवायचा ते विचारले की यादीतील तीच एकमेव डिस्क निवडायची. पुन्हा सुरू झाल्यावर स्थापनेचाच पडदा परत आला तर घाबरू नये, आय.एस.ओ. आभासी सी.डी.च्या खाचेत तशीच राहिलेली असते, ती काढावी.

यानंतर पहिले काम ‘स्नॅपशॉट’ घेण्याचे. या घडीची मशीनची स्थिती जशीच्या तशी नोंदवली जाते. मग पाहिजे ते करून पाहावे, आज्ञावली बिघडवावी, फाइली पुसाव्यात. एका क्लिकमध्ये मशीन पुन्हा त्या घडीला येते. मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे छोटे छोटे पाठ आहेत. प्रकल्पातील पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत भाषांतरित होतात. एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला आभासी मशीन ठेवून शिकले तर शिकवणीची गरज पडत नाही. आईच्या हिशेबाच्या एक्सेल फाइलींची एक प्रत मी पाहुण्या मशीनमध्ये नेली आणि लिब्रेऑफिसमध्ये उघडली. बेरजा जुळल्या. एका पानावरील रकान्यांची रुंदी बदलली आणि जुन्या टंकात टाइप केलेली दोन शीर्षके वाचता येईनाशी झाली. ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली.

परंतु आभासी मशीनवर चालले म्हणजे खऱ्यावर चालेलच असे समजू नये. पाहुण्याला जे ध्वनिकार्ड, जे नेटवर्ककार्ड दिसते ते व्हर्च्युअलबॉक्सने भासवलेले असते. आपल्या मशीनचे खरे वाय-फाय लिनक्स ओळखते की नाही हे येथे कळतच नाही. त्यासाठी डेबियनची ‘लाइव्ह’ प्रत पेनड्राइव्हवर घालून, डिस्कला हात न लावता संगणक तिच्यावरून सुरू करून पाहावा लागतो. वेगाचाही अंदाज आभासी मशीनवरून बांधू नये. एका ताटात दोघे जेवत असतात.

आमच्या मशीनवर लाइव्ह प्रतीत वाय-फाय लागले, ध्वनी आला. दादाचा जुना प्रिंटर मात्र अजून ओळखलेला नाही. तेवढे जमले की वार्षिक परीक्षेनंतर खऱ्या डिस्कवर डेबियन बसवायचे ठरले आहे. हिशेबाच्या फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर आईच्या कपाटात आणि दुसरी दादाकडे ठेवली आहे.