पहिलीच्या आधीचे आठ-दहा आठवडे

पारा 45 अंशांकडे सरकू लागला की वर्धा जिल्ह्यातल्या शाळा आधी सकाळच्या होतात आणि मग बंद. राज्यात इतरत्र जूनच्या मध्याला शाळेची घंटा वाजते. विदर्भात उन्हामुळे ती जूनच्या अखेरीस वाजते. पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा बराच मोठा काळ. घराघरांत शेवया, कुरड्या, सरगुंडे होत असतात, चिंचा फोडल्या जातात आणि मूल दिवसभर आईच्या आसपास घुटमळत असते. शाळेची निम्मी तयारी याच पसाऱ्यात होऊ शकते, हे सांगण्यासाठी आता गावोगावी मेळावे भरतात.

राज्यात 2022 मध्ये ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. शिक्षण विभागाने ते ‘प्रथम’ या संस्थेच्या साथीने राबवले. करोनामुळे अंगणवाड्या दीर्घकाळ बंद राहिल्या होत्या. त्या वर्षी पहिलीत येणाऱ्या अनेक मुलांनी गोल करून बसण्याचा अनुभवही घेतलेला नव्हता. एप्रिलमध्ये एक मेळावा, शाळा उघडताना दुसरा आणि मधल्या आठवड्यांत वस्तीतल्या आयांचे गट, अशी त्याची रचना. मेळाव्यात सात टेबले असतात. नाव नोंदवले की मूल एकेका टेबलावर जाते. उडी मारते, एका पायावर उभे राहते, वस्तूंचे गट लावते, चित्र पाहून गोष्ट सांगते, खडे मोजते. ते काय करू शकले याची नोंद एका विकासपत्रात होते आणि शेवटच्या टेबलावर आईशी बोलणे होते.

इथे बऱ्याच पालकांचा हिरमोड होतो. ‘पेन्सिल कुठे आहे?’ शेजारच्या कॉन्व्हेंटमध्ये तीन वर्षांचे पोर ए-बी-सी-डी गिरवते आणि आपले मूल इथे नुसते चेंडू झेलते, हे काही पटत नाही. पण शास्त्र या बाबतीत चेंडूच्या बाजूने आहे.

मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्माच्या वेळी एक्स-रे काढला तर सहसा त्यातले एकही दिसत नाही. ती तेव्हा कूर्चा असतात आणि हाड बनण्याचे त्यांचे काम पहिलीत गेल्यावरही चालू राहते. बोटांची चिमूट आणि खांद्याची स्थिरताही याच वर्षांत कमावली जाते. हे सगळे जमून आले की पेन्सिल हातात आपोआप बसते. त्याआधी गिरवायला बसवलेले मूल अख्ख्या मुठीने पेन्सिल आवळते, लवकर दमते आणि लिहिण्याचा कंटाळा मात्र पक्का शिकते. चिंचोके निवडणे, तूर आणि हरभरा वेगळे करणे, कणकेचा साप वळणे, सरगुंड्यांसाठी पीठ मळायला हात लावणे हा सारा बोटांचाच व्यायाम आहे. त्यातच मोजणी येते, लहान-मोठे येते, ‘यात जास्त कशात?’ हा गणिताचा पहिला प्रश्नही येतो.

वाचनाचे तसेच. अक्षर ओळखण्याआधी कानाला आवाज सुटे करता यावे लागतात. ‘कप’ आणि ‘कमळ’ एकाच आवाजाने सुरू होतात, हे ज्या मुलाच्या कानाला कळते ते पुढे वाचायला लवकर शिकते, असे अनेक भाषांमधल्या अभ्यासांत दिसले आहे. त्यासाठी पुस्तक लागत नाही, यमके जुळवणे, कोडी घालणे आणि भरपूर गप्पा पुरतात. गप्पा कुठल्या भाषेत? ज्या घरात बोलतात त्या. ‘मले’, ‘तुले’ म्हणणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी ‘मला म्हण’ असे दरडावले, तर त्याची भाषा सुधारत नाही, ते फक्त गप्प बसते.

तिसरी गोष्ट थोडी लपलेली आहे. ‘चिमणी उड, कावळा उड’ म्हणता म्हणता कोणी ‘म्हैस उड’ म्हणाले की हात वर जाऊ न देणे, यात मेंदूच्या पुढच्या भागाची खरी परीक्षा असते. स्वतःला थांबवणे, नियम लक्षात ठेवणे, आपली पाळी येईपर्यंत वाट पाहणे ही कौशल्ये तीन ते सहा या वयात झपाट्याने वाढतात. पहिलीच्या वर्गात तासभर बसण्यासाठी सर्वांत आधी तीच लागतात.

मात्र सगळे खेळाने भागत नाही. हाक मारल्यावर न वळणारे मूल हट्टी किंवा ‘ढ’ असेलच असे नाही. वारंवार कान फुटल्याने त्याला कमी ऐकू येत असेल. फळ्याकडे डोळे बारीक करून पाहणारे, लवकर धापा टाकणारे, सतत हातपाय दुखतात म्हणणारे मूल तपासायलाच हवे. रक्तक्षय सर्वत्र आहे आणि विदर्भात सिकलसेलही आहे. राज्यात पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीची दुसरी वर्धक मात्रा असते. ती बरेचदा राहून जाते.

वर्ध्याला हा विचार नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये इथे भरलेल्या परिषदेतून नई तालीम उभी राहिली, तेव्हा तिचा रोख सात ते चौदा वर्षांच्या मुलांवर होता. 1945 च्या सेवाग्राम परिषदेत तो पाळण्यापर्यंत मागे नेला गेला आणि शांता नारुलकर यांनी सेवाग्रामात पूर्व-बुनियादी शाळेचे काम केले. त्यात स्वच्छता, आहार आणि हाताचे काम हेच शिक्षण होते. त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डीला काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेऊ, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजनेने तो शब्द देशभर नेला.

आईला सोबत घेण्याचे महत्त्व अमेरिकेतल्या एका प्रयोगातही दिसते. मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावात 1962 पासून गरीब कुटुंबांतल्या 123 मुलांचा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या मुलांना खेळातून शिकवणारी बालशाळा मिळाली आणि शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलत. बुद्ध्यांकातला फायदा काही वर्षांत विरला, पण चाळिशीपर्यंत पाठपुरावा केल्यावर या मुलांचे शिक्षण आणि कमाई इतरांपेक्षा सरस निघाली.

गावातली अडचण वेगळीच असते. एप्रिल-मेमध्ये वावरात काम कमी असते, आया जमतात, मोबाइलवर आलेले उपक्रम करून पाहतात. जूनमध्ये पाऊस पडला की सरकी टोबायला बाया पहाटेच निघतात, आणि नेमका तेव्हाच दुसरा मेळावा असतो. ‘माता गट’ या नावामुळे बाप परस्पर सुटतात, हेही खरे. अंगणवाडी सेविकेवर आहार, वजन, लसीकरण आणि नोंदवह्यांचा भार आधीच आहे. दुसरा मेळावा टोबणीच्या दिवसांत सकाळी दहाऐवजी संध्याकाळी घेतला आणि पाहुण्यांची भाषणे वगळली, तर आया आणि बाप दोघेही येऊ शकतील. विकासपत्राची दुसरी बाजू तेव्हाच भरायची असते. एप्रिलमध्ये जे मूल आईचा पदर सोडत नव्हते ते आता टेबलापाशी एकटे उभे राहते का, हे पहिलीच्या शिक्षकांना त्या कागदावरून पहिल्याच दिवशी कळते.