वेष्टनाची मागची बाजू

साक्षरता म्हणजे केवळ पाठ्यपुस्तक वाचता येणे नव्हे. नित्याच्या व्यवहारात जे लिहिलेले समोर येते, ते समजून घेऊन त्याप्रमाणे निर्णय करता येणे, हे साक्षरतेचे खरे फळ होय. आज खेड्यातील मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकाखालोखाल जे छापील अक्षर पडते, ते बिस्किटे, वेफर्स व शीतपेये यांच्या वेष्टनांवरचे असते. ते वाचण्यास शिकविणे हेही शाळेचेच काम आहे.

अंबरनाथ व बदलापूर परिसरातील खेड्यांत हे काम विशेष निकडीचे आहे. येथील खेड्यांतील दुकानदार आपला माल बहुधा उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील बाजारातून आणतो. पूर्वी धान्य, गूळ, शेंगदाणे सुटे मिळत; जिन्नस डोळ्यांनी पाहून, हाताने चाचपून घेता येई. बंद पुड्यातील जिन्नस असा पारखता येत नाही. तेथे पारख करावयाची ती अक्षरावरूनच. आणि पुष्कळ घरांत ते बारीक अक्षर वाचू शकणारी एकमेव व्यक्ती म्हणजे शाळेत जाणारे मूल असते.

दर्शनी बाजू व मागची बाजू

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत झाली. १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. या कष्टाळू लोकांनी उभारलेल्या लहानमोठ्या कारखान्यांविषयी एक गमतीची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तेथील मालावर ‘मेड इन यू.एस.ए.’ असे छापलेले असे. त्याचा अर्थ अमेरिका नव्हे, तर ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा! गोष्ट खरी असो वा विनोदाची, तिच्यातील बोध विसरण्यासारखा नाही. ठळक अक्षर मनावर छाप पाडण्यासाठी असते. अर्थ शोधावा लागतो.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनाचेही असेच आहे. दर्शनी बाजूस विक्रेता आपल्या मालाची स्तुती करतो. मागील बाजूस कायदा त्याला माहिती देण्यास भाग पाडतो. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा पुढे २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली, आणि वेष्टनावर काय छापावे याचे सध्याचे विनियम २०२० सालचे आहेत. दर्शनी बाजूवरील दाव्यांसही मर्यादा आहे. साखर किंवा पाणी यांचा विचार न करता छापला जाणारा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिला. तथापि प्रत्येक दाव्यामागे सरकार धावू शकत नाही. ग्राहकाने स्वतः पुडा उलटा करून पाहिला पाहिजे.

घटकद्रव्यांचा क्रम

मागील बाजूस घटकद्रव्यांची यादी असते. तिचा नियम सोपा आहे: जे द्रव्य सर्वांत अधिक, ते प्रथम, जे सर्वांत कमी, ते अखेरीस. पुढे गव्हाच्या ओंब्यांचे चित्र असेल आणि यादीत प्रथम मैदा असेल, तर तो पदार्थ मुख्यतः मैद्याचा होय. साखर निरनिराळ्या नावांनी येते: ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप. ही नावे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरल्यामुळे साखर यादीत खाली गेल्यासारखी भासते. म्हणून ती एकत्र मोजावीत.

यादीतील आकड्यांना भिण्याचे मात्र कारण नाही. ५०० (२) म्हणजे घरातला खाण्याचा सोडा आणि ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, जे लिंबातही असते. शिक्षकांनी भय पसरवू नये, समज द्यावी.

कोष्टकावरील गणित

पोषणमूल्यांचे कोष्टक हे पाचवीपासूनच्या वर्गांस त्रैराशिकाचे उत्तम उदाहरण आहे. ते बहुधा १०० ग्रॅम वा १०० मिलिलिटर या प्रमाणात असते. मूल मात्र सबंध पुडा खाते. समजा, १०० ग्रॅम बिस्किटांत २५ ग्रॅम साखर आहे व पुडा ८० ग्रॅमचा आहे. तर पुड्यातील साखर २० ग्रॅम झाली. एका चहाच्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. म्हणजे ती पाच चमचे झाली.

मीठ बहुधा ‘सोडियम’ या नावाने मिलिग्रॅममध्ये दिलेले असते. सोडियमला अडीचने गुणिले असता मीठ कळते. १०० ग्रॅम वेफर्समध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असल्यास मीठ २ ग्रॅम होते. प्रौढ माणसाला दिवसाकाठी सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. मुलांना त्याहूनही कमी.

ज्या वेष्टनाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरांहून अधिक नाही, त्यावर यादी व कोष्टक न छापण्याची सवलत आहे. अशा वेळी त्याच पदार्थाचा मोठा पुडा पाहावा.

तारीख व चिन्हे

उत्पादनाची तारीख, वापराची अंतिम मुदत आणि १४ अंकी परवाना क्रमांक या तीन गोष्टी शोधण्याची सवय मुलांस लावावी. हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ शाकाहाराचे आणि तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण मांसाहाराचे चिन्ह होय.

वर्गातील उपक्रम

मुलांनी आठवडाभर रिकामी वेष्टने धुऊन, पुसून आणावीत. वेष्टनावरील मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत असला की कायद्याची अट पुरी होते. मराठी असेलच असे नाही. म्हणून अक्षर ओळखणे, अर्थ मराठीत लिहिणे आणि साखरेचे चमचे काढणे, असे तीन तास करावेत. तक्ता वर्गात लावावा. कोणाच्या घरी काय खातात याची चर्चा मात्र करू नये. गरीब आईबापांना कमीपणा येईल असे एकही वाक्य वर्गात उच्चारले जाऊ नये.

साखर, मीठ व स्निग्धांश अधिक असलेले पदार्थ शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असाही २०२० चा विनियम आहे. शाळेजवळच्या दुकानदारास तो सलोख्याने समजावून सांगावा व त्याने शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे, केळी ठेवावीत असे सुचवावे. ज्येष्ठात बदलापूरची जांभळे येतात; त्यांची पारख करण्यास कोष्टक लागत नाही. जेथे कोष्टक लागते, तेथे मुलाला ते वाचता यावे. ते मूल घरी आईला ‘यात पाच चमचे साखर आहे’ असे सांगू लागले, म्हणजे पाठ पुरा झाला असे समजावे.