औषधाचा अर्धायुकाल

पिंपरी म्हटले की तुम्हाला मोटारी आठवतात. पण १९५४ साली तेथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले आणि पुढे स्ट्रेप्टोमायसीनही. क्षयाच्या जंतूंवर लागू पडलेले हे पहिले प्रतिजैविक. अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना ते १९४३ साली मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळाले.

आज क्षयावर सहसा गोळ्याच देतात. मग हे जुने इंजेक्शन कशाला हवे? त्यासाठी अतिदक्षता विभागात जावे लागेल.

क्षयाचे जंतू रक्तावाटे सर्वत्र पसरले, तर फुप्फुसांबरोबर यकृत आणि मूत्रपिंडेही निकामी होऊ लागतात. श्वासाचे काम काही दिवस यंत्र करते. खरा पेच औषधांचा असतो. आयसोनियाझिड, रिफाम्पिसीन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही मुख्य औषधे यकृताला इजा करू शकतात. यकृत आधीच थकले असेल, तर डॉक्टर ती काही काळ थांबवतात आणि एथाम्ब्युटॉल, लेव्होफ्लॉक्सासिन यांच्या जोडीला स्ट्रेप्टोमायसीन किंवा त्याच जातीचे अमिकासिन देतात. स्ट्रेप्टोमायसीन यकृताला त्रास देत नाही. ते मूत्रपिंडांतून बाहेर पडते.

आणि मूत्रपिंडेच बिघडली असतील तर?

येथे आमचे पदार्थविज्ञान उपयोगी पडते. किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल तुम्ही शिकला आहात. रक्तातले औषधही जवळजवळ त्याच नियमाने घटते. निरोगी माणसात स्ट्रेप्टोमायसीनचा अर्धायुकाल सुमारे अडीच तास असतो. म्हणजे दहा तासांनी सोळावा हिस्सा उरतो. मूत्रपिंडे निकामी झाली की तो ५० तासांच्याही पुढे जाऊ शकतो. आपण ५० धरू. मग २४ तासांनीही सुमारे ७२ टक्के औषध शिल्लक! त्यावर रोज नवी मात्रा देत राहिलो, तर साठा वाढत वाढत साडेतीन मात्रांपर्यंत जातो. (भूमितीय श्रेढी मांडून पडताळा पाहा.) इतके औषध आतल्या कानातील पेशी मारते. रोगी वाचतो, पण कायमचा बहिरा होऊ शकतो. भीतीने मात्रा फारच कमी केली, तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात.

म्हणून अशा रोग्याला इंजेक्शन रोज न देता आठवड्यातून दोन-तीनदाच देतात आणि सोय असेल तेथे रक्तातले प्रमाण मोजून पुढची वेळ ठरवतात. डायलिसिस चालू असेल, तर इंजेक्शन डायलिसिसनंतर द्यायचे. आधी दिले तर त्यातले बरेचसे पाण्याबरोबर धुऊन जाते.