चाकांची टूलपेटी घेताय? आधी रस्ता पाहा, मग पेटी

रोज गावोगावी फिरणाऱ्या मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, फिटर आणि सुतारांसाठी: पत्रा की प्लास्टिक, चाक केवढे, कडी कशी आणि पैसे कुठे वाचतात, याचा सोपा हिशोब

हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आणि नेमकी विहिरीवरची मोटार बंद, असे झाले की शेतकऱ्याचा पहिला फोन तालुक्याच्या गावातील मेकॅनिकला जातो. मेकॅनिक तासाभरात पोहोचतोही. पण डांबरी रस्ता संपल्यावर पुढे शिवारातली पांदण असते. तिथून अवजारे हातात घेऊनच जावे लागते. वाटेत पेटीची मूठ तुटली किंवा झाकण उघडून पाने चिखलात पडले, तर मजुरी जाते आणि पिकाची पाण्याची पाळीही चुकते.

बुलढाणा जिल्ह्याचे 13 तालुके घाटावर आणि घाटाखाली असे विभागले आहेत. खामगावच्या जिनिंगमध्ये मशीन बसवणारा फिटर, लोणार-मेहकरकडे पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक, शेगावात लॉजचे एसी पाहणारा तंत्रज्ञ, सौर पंपाची जोडणी करणारी टीम, या सगळ्यांचे दुकान म्हणजे त्यांची पेटी. अलीकडे बाजारात आणि ऑनलाइन चाकांच्या टूलपेट्या भरपूर दिसतात. दिसायला सगळ्या दणकट. मात्र महिनाभर रोज उतर-चढ केली की फरक कळतो.

पेटी चाकांवर हवीच कशाला?

एक 18 इंची पाइप पानाच अडीच किलोंच्या आसपास भरतो. त्यात हातोडा, सॉकेट सेट, ग्राइंडर, ड्रिल मशीन, केबल आणि सुटे नट-बोल्ट धरले की संच सहज 25 ते 30 किलोंवर जातो. अमेरिकेतील नायोश ही कामगार-आरोग्य संस्था वजन उचलण्याच्या हिशोबासाठी 23 किलो ही मूळ मर्यादा धरते. तीही वजन अंगाजवळ, कंबर न वळवता आणि पकड चांगली असताना. एका हातात लटकणारी पेटी यात बसत नाही. ज्याला दिवसात चार ठिकाणी जायचे आहे, त्याची कंबर आणि खांदा हीच खरी भांडवली मालमत्ता आहे.

मात्र चाके असली म्हणजे सगळे वजन गायब होत नाही. गाडीत चढवताना, पायऱ्यांवर आणि ओल्या रानात पेटी उचलावीच लागते. म्हणून रिकाम्या पेटीचे वजन किती, हा पहिला प्रश्न.

पत्रा की प्लास्टिक?

हिशोब करून पाहू. 60 सेंटिमीटर लांब, 35 रुंद आणि 40 उंच अशा पेटीच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ साधारण 1.18 चौरस मीटर होते. 20 गेजचा, म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा वापरला तर नुसत्या पत्र्याचेच वजन 8 किलोंच्या पुढे जाते. हीच पेटी 4 मिलिमीटर जाड पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची केली तर वजन सव्वाचार किलोंच्या आसपास राहते. चाके, दांडा आणि कड्यांचे वजन दोन्हीकडे वेगळे.

लोखंडी पेटी वेल्डिंगच्या ठिणगीला घाबरत नाही, पोचा आला तर ठोकून सरळ होते आणि कुठल्याही गावात वेल्डिंगने जोडता येते. तिचा शत्रू गंज. रंग उडालेल्या कोपऱ्यापासून तो सुरू होतो. म्हणून नुसत्या रंगापेक्षा पावडर कोटिंग बरे, आणि तळाला आतून रबरी चटई हवी. गेज पाहताना लक्षात ठेवायचे की आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. 18 गेज सुमारे 1.2 मिलिमीटर, तर 22 गेज सुमारे 0.7 मिलिमीटर असतो.

प्लास्टिकची पेटी हलकी असते आणि गंजत नाही. तिचा शत्रू ऊन. अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे द्रव्य न मिसळलेले प्लास्टिक उघड्या पिकअपमध्ये काही उन्हाळे काढले की ठिसूळ होते. मग कोपरा आपटला की तडा जातो. विदर्भात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर असतो, त्यामुळे ही बाब किरकोळ नाही. माहितीपत्रकात ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ असा उल्लेख आहे का, ते पाहावे. पेटी दाबून पाहताना बाजू आत-बाहेर लवत असतील, तर ती घरगुती वापराची समजावी.

चाक केवढे हवे?

बहुतेक ग्राहक इथेच फसतात. दुकानाच्या फरशीवर लहान चाकही लोण्यासारखे फिरते. खडीच्या रस्त्यावर गोष्ट बदलते.

वाटेत 20 मिलिमीटर उंचीचा दगड आहे असे धरू. 50 मिलिमीटर व्यासाचे चाक त्यावर सरळ ओढून चढवायचे तर, साध्या गणिताने, चाकावरच्या भाराच्या जवळपास पाचपट जोर लागतो. चाकांवर 20 किलो भार असेल, तर हा जोर 98 किलोंच्या आसपास जातो. म्हणजे पेटी अडतेच, आणि तिला उचलून पुढे घ्यावे लागते. 180 मिलिमीटरच्या चाकाला त्याच दगडासाठी भाराच्या 0.8 पट, म्हणजे सुमारे 16 किलोंचा जोर पुरतो. पेटी तिरपी धरून ओढली तर दोन्ही आकडे कमी होतात, पण लहान-मोठ्या चाकातले अंतर राहतेच. फक्त फरशी आणि सिमेंट रस्त्यावर काम असेल तर 75 ते 100 मिलिमीटरचे चाक चालते. गावरस्त्यासाठी 150 ते 180 मिलिमीटरपेक्षा लहान चाक घेऊ नये.

हवा भरलेले टायर मऊ चालतात, पण बाभळीच्या काट्यापुढे त्यांचे काही चालत नाही. पंक्चरची कटकट नको असेल तर भरीव रबराचे किंवा वर रबरी थर असलेले चाक बरे. नुसत्या कडक प्लास्टिकचे चाक खडीवर झिजते, आवाज करते आणि प्रत्येक धक्का आतल्या मीटरपर्यंत पोहोचवते.

चाकाइतकाच आस महत्त्वाचा. दोन्ही चाकांतून आरपार जाणारी एकच लोखंडी सळई सर्वांत भरवशाची. पेटीच्या प्लास्टिकमध्येच रुतवलेल्या दोन आखूड खुंट्या असतील, तर सगळा भार त्या दोन जागांवर येतो आणि तिथेच फाटते. चाक काढून बदलता येते का, हेही विचारावे. आणि चाक व पेटी यांच्यात बोटभर फट हवी. नाहीतर काळी माती अडकून चाक फिरेनासे होते.

पावसाळ्यातील काळ्या रानात मात्र कोणतेही चाक फार काळ टिकाव धरत नाही. चिखल चाकाला लपेटतो आणि पेटी घसरगाडी होते. अशा कामासाठी वेगळा होणारा वरचा डबा हाच उपाय.

एकच मोठी पेटी की एकावर एक डबे?

बाजारात साधारण चार प्रकार मिळतात.

• एकसंध पेटी: चाके आणि ओढायचा दांडा असलेला एकच खोल डबा. स्वस्त आणि मजबूत. पण तळाची वस्तू काढायला सगळे उपसावे लागते.

• एकमेकांवर बसणारे डबे: खाली चाकांचा मोठा डबा, वर दोन-तीन लहान डबे, सगळे कड्यांनी जोडलेले. त्या दिवशी लागणारा डबाच शिवारात न्यायचा, बाकीचे गाडीत ठेवायचे. किंमत जास्त आणि एका कंपनीचे डबे सहसा दुसऱ्या कंपनीच्या डब्यांवर बसत नाहीत. म्हणून सुटा डबा नंतर मिळेल का, याची खात्री आधी करावी.

• चाकांची कापडी बॅग: हलकी आणि बसमध्ये सोयीची. पण धारदार किंवा जड अवजारांनी तळ फाटतो.

• खणांचे कपाट: चार लहान चाकांवरचे, अनेक ड्रॉवर असलेले. हे वर्कशॉपच्या फरशीसाठी बनवलेले असते. गाडीच्या धक्क्यांनी खण उघडतात, त्यांच्या पट्ट्या वाकतात. रोजच्या वाहतुकीसाठी ते घेऊ नये.

पाचवा मार्ग गावातच आहे. हातगाडीसारखी लहान ट्रॉली आणि वेगळी पत्र्याची पेटी जवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात करून घेता येते. चाक, आस, पत्र्याची जाडी आपण ठरवायची. दुरुस्तीही तिथेच होते.

दांडा, कडी आणि बिजागरी

पेटीचा डबा क्वचितच मोडतो. आधी मोडतात ते हलणारे भाग. ओढायचा दांडा पूर्ण बाहेर काढून उजवी-डावीकडे हलवावा. नवीन असतानाच खूप खेळत असेल तर तो टिकणार नाही. हा दांडा ओढण्यासाठी असतो, पेटी गाडीत उचलण्यासाठी नाही. उचलण्यासाठी दोन्ही बाजूंना वेगळ्या मुठी हव्यात.

बिजागरीतून लांबीभर जाणारी लोखंडी पिन आहे का, कड्या धातूच्या आहेत का, त्यांना कुलूप लावायची जागा आहे का, हे पाहावे. कड्या रिव्हेटने बसवलेल्या असतील तर आतून वायसर आहे का, तेही तपासावे.

आयपी 65 म्हणजे काय?

पेटीवर ‘आयपी 65’ असे लिहिलेले असते. त्यातील पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. 6 म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. 5 म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याने आतल्या वस्तूंचे नुकसान होत नाही. पेटी पाण्यात बुडाली तरी चालेल, असा त्याचा अर्थ नाही. जिनिंगमधील रुईचे तंतू आणि कच्च्या रस्त्याची धूळ यांपासून ड्रिल, ग्राइंडर व मीटर वाचवायचे तर हे मानांकन उपयोगाचे. मात्र एक कडी तुटली किंवा झाकणाचे रबर निघाले की त्याला अर्थ उरत नाही.

घट्ट झाकणाची दुसरी बाजूही आहे. ओली अवजारे आत ठेवली तर ओल आतच कोंडते आणि पाने गंजतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात काम करणाऱ्यांनी अधिक जपावे, कारण खारे पाणी लागलेले लोखंड लवकर गंजते. अवजारे गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हलका हात फिरवूनच पेटी बंद करावी.

बॅटरीवर चालणारी मशीन असतील तर बंद पेटी उन्हात ठेवू नये. उष्णतेने लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते. बॅटरीची टोके झाकून वेगळ्या कप्प्यात ठेवावीत. सुटा पाना दोन टोकांना टेकला तर शॉर्टसर्किट होऊ शकते.

कोणत्या वाहनाने जाणार?

दुचाकी: चाके आणि दांड्याचे तीन-चार किलो इथे फुकटचे ओझे ठरतात. मागच्या कॅरिअरवर उंच पेटी बांधली की गाडीचा तोल मागे जातो, पुढचे चाक हलके पडते. राजूर घाटासारख्या वळणांवर हे धोक्याचे आहे. दोन्ही बाजूंच्या थैल्या आणि एक लहान डबा हाच बरा पर्याय.

पिकअप किंवा छोटा हत्ती: पेटी आडवी, केबिनला टेकवून ठेवावी. रबरी दोरीऐवजी नायलॉनचा खटका असलेला पट्टा वापरावा. चाकांवर उभी पेटी ब्रेक लागताच पळते.

रेल्वे: मलकापूर, नांदुरा, शेगाव येथून रेल्वेने जाणाऱ्यांनी मापाकडे लक्ष द्यावे. साध्या द्वितीय श्रेणीत 35 किलो आणि स्लीपरमध्ये 40 किलो सामान मोफत नेता येते. पण डब्यात नेण्याच्या ट्रंक-पेटीची कमाल मापे 100 × 60 × 25 सेंटिमीटर आहेत. चाकांच्या बहुतेक पेट्यांची खोली 25 सेंटिमीटरपेक्षा जास्त असते.

पैसे कुठून, आणि किती घालावेत?

केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत टूलकिटसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत ई-व्हाउचरच्या रूपात मिळते. पहिल्या टप्प्यात 1 लाख रुपयांपर्यंत कर्ज 5 टक्के व्याजाने मिळते. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या या योजनेत सुतार, लोहार, गवंडी, कुलूप बनवणारे, सोनार असे 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. इलेक्ट्रिशियन, पंप मेकॅनिक किंवा मोटार रिवाइंडिंग हे त्या यादीत नाहीत. त्यामुळे या कारागिरांनी या पैशांवर विसंबून पेटी उधार घेऊ नये.

खर्च ठरवताना आतल्या अवजारांची किंमत आणि एका दिवसाची मजुरी समोर ठेवावी. आठवड्यातून एकदाच बाहेर जाणाऱ्याला महागडी डब्यांची रास लागत नाही. रोज फिरणाऱ्याला मात्र दरवर्षी स्वस्त पेटी बदलण्यापेक्षा एकदा चांगली घेणे परवडते. पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड घ्यावे. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

दुकानातून निघण्यापूर्वी

• आपल्या संचाचे वजन घरीच काट्यावर करावे. रोजचे ओझे पेटीच्या सांगितलेल्या क्षमतेच्या पाऊण भागापर्यंतच ठेवावे.

• सर्वांत लांब अवजार सोबत नेऊन आत बसते का, ते पाहावे.

• पेटीत वजन घालून दुकानाबाहेरच्या खडीवर ओढून पाहावी, पायरीवर चढवून पाहावी.

• भरलेली पेटी बाजूच्या मुठींनी उचलून आपल्याच गाडीत ठेवून पाहावी.

• चाक, दांडा आणि कडी सुटी मिळते का, हे विचारून बिलावर पेटीचे मॉडेल लिहून घ्यावे.

घरी आल्यावर मांडणीही ठरवावी. जड पाने आणि हातोडा तळाला, चाकांच्या बाजूला. मीटर, टेस्टर आणि बिट वरच्या कप्प्यात. वजन चाकांवर आले की हातावरचा भार कमी होतो आणि पेटी उलटत नाही. महिन्यातून एकदा आसाला ग्रीस आणि कड्यांना तेलाचा थेंब द्यावा. या कामाला दहा मिनिटे लागतात.