जाहिरातीतलं बाळ

मैत्रिणींनो, विमानतळावर एवढ्या झगमगीत जाहिराती लावतात, त्या कुणी बघतं का हो? माझ्यापुरतं सांगते.

लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच अमेरिकेला निघाले होते. मुंबईचं २०१४ साली सुरू झालेलं भलंमोठं टी-२ टर्मिनल. तीन तास आधी पोहोचले, पण नजर गेट नंबरच्या बोर्डावर आणि हात पासपोर्टच्या पर्सवर. भिंतींवर काय होतं, देवाला ठाऊक!

पाच महिन्यांनी परतले, तेव्हा सामानाच्या पट्ट्याजवळ बॅगेची वाट बघत उभी होते. बॅग येईपर्यंत तिथून कुणी हलत नाही, म्हणून जाहिरातवाले ती जागा नेमकी हेरतात. समोरच्या जाहिरातीत आजीच्या मांडीवर खिदळणारं बाळ! नातवाला नुकतीच सोडून आले होते. डोळे भरून आले. बॅग समोरून निघून गेली, तरी कळलं नाही.

घरी ह्यांनी विचारलं, “कशाची होती गं जाहिरात?” विम्याची, की बँकेची? काही केल्या आठवेना. काळजीत असताना काही दिसलं नाही, आणि दिसलं ते आपल्याच मनातलं. कंपनीचे पैसे मात्र फुकट गेले म्हणायचे!