सर, तुमच्या नोट्स ऐकू येत नाहीयेत!

आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पिळून निघाल्यावर शनिवारी सकाळी माणसाने काय करावं? मस्त ताणून द्यावी! पण नेमका साडेनऊला फोन. आमचे कॉलेजचे इकॉनॉमिक्सचे सर. ‘‘अरे, तू सॉफ्टवेअरवाला ना? मग ये जरा. माझ्या नोट्स कॉलेजच्या वेबसाइटवर आहेत, पण एका मुलीला वाचता येत नाहीत म्हणे.’’

ती मुलगी अंध आहे. एस.वाय.बी.ए.ला. लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरते. फुकट मिळतो आणि स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवतो. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली आणि हॉस्टेलमधली रूममेट रोज रात्री तिला नोट्स वाचून दाखवत होती. रूममेटचीही परीक्षा होतीच की!

सर वैतागले होते. ‘‘सगळं तर अपलोड केलंय, अजून काय करू?’’ वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाकला, पहिला धडा उघडला आणि मॉनिटर बंद केला. ‘‘आता ऐका, सर.’’

कॉम्प्युटर इंग्रजी अक्षरांचं काहीतरी बरळायला लागला. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला! नोट्स टाइप केल्या होत्या कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. हा फॉन्ट भलताच फसवा. स्क्रीनवर ‘भारत’ दिसतं, पण फाइलच्या पोटात असतात एच, के, के, जे, आर ही इंग्रजी अक्षरं. युनिकोडमध्ये ‘भ’ हा ‘भ’च असतो. (तुमच्या ऑफिसातही अशा फाइली पडल्या असतील. बघा एकदा.)

दुसरी फाइल त्याहून भारी. सरांच्या पिवळ्या पडलेल्या वहीचे फोटो, पीडीएफ करून टाकलेले. एनव्हीडीएला वाचण्याजोगं काही सापडेच ना.

‘‘बंद पडला का रे?’’

‘‘नाही सर. त्याच्या दृष्टीने पान कोरं आहे.’’

यावर सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘चहा घेतोस का?’’ तिथून माझे तीन शनिवार गेले.

कृतिदेवचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला, पण ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले. ते सरांनी एकेक करून सुधारले. वहीसाठी मी त्यांना फोनवरचं व्हॉइस टायपिंग शिकवलं. तीस वर्षं लेक्चर दिलेला माणूस तो, फोनसमोर उभा राहून असा काही सुटला की थांबवावं लागलं! मथळे त्यांनी नुसते ठळक केले होते. वर्डमधली हेडिंग स्टाइल दिली की स्क्रीन रीडरला तो मथळा आहे हे कळतं. मग आपण पानं चाळतो तशी ती मुलगी ‘एच’चं बटण दाबत पुढे जाऊ शकते.

खरी लढाई आलेखावर झाली. चित्राच्या वर्णनात सरांनी लिहिलं, ‘आकृती ३, मागणी व पुरवठा.’ मी म्हटलं, ‘‘मी पाठ करून उभा राहतो. मला सांगा, त्यात काय आहे.’’ सर सांगत गेले. किंमत वाढते तशी मागणीची रेषा उजवीकडून डावीकडे सरकते, पुरवठ्याची उलट, आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे समतोल किंमत. तेच आम्ही लिहिलं. बाय द वे, बारा वर्षांपूर्वी याच वर्गात बसून मला हे कळलं नव्हतं, ते त्या दिवशी कळलं.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. डिजिटल सुविधा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सुप्रीम कोर्टानेही एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं. पण कायदा दाखवला असता तर सरांनी मला प्रिन्सिपॉलकडे पाठवलं असतं. मॉनिटर बंद केला म्हणून काम झालं.

परीक्षेच्या नऊ दिवस आधी नव्या फाइली चढल्या. त्याच रात्री सरांचा मेसेज आला. तिने कळवलं होतं, चौथ्या धड्यात एक परिच्छेद दोनदा आलाय. खाली सरांनी लिहिलं होतं, ‘‘रूममेटच्या कधी लक्षात आलं नव्हतं! आता पाचवा धडा घेऊ. शनिवारी ये.’’